गेटचा स्कोअर हातात, खातं मात्र रिकामं : सांगलीतल्या एका एमटेक शिष्यवृत्तीचं प्रकरण

एमटेकची सरकारी शिष्यवृत्ती परीक्षेच्या हॉलमध्ये फारशी कुणी गमावत नाही. ती अडकते प्रवेश आणि बँक खातं यांच्या मधल्या टप्प्यात, आणि अडकण्याची कारणं बहुतेक वेळा कागदाची असतात. पुढचं प्रकरण प्रातिनिधिक आहे. तासगाव तालुक्यातली विद्यार्थिनी, घरी दोन एकर द्राक्षबाग, प्रवर्ग ओबीसी, बीई इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. शेवटच्या वर्षाला असतानाच तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये गेट, म्हणजे एमटेक प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा दिली, ईसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) पेपरमध्ये पात्र ठरली आणि सप्टेंबरमध्ये सांगलीतल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात एमटेकला प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीचा पहिला पैसा खात्यात पडला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधल्या पाच महिन्यांत काय अडलं, त्यातलं किती टाळता आलं असतं आणि पुढच्या दीड वर्षात आणखी कुठे पाय घसरू शकत होता, हे इथे क्रमाने मांडलं आहे.

योजना कुणाची, किती

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, पदव्युत्तर शिष्यवृत्ती देते. दरमहा १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने किंवा अभ्यासक्रम संपेपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. पूर्ण कालावधीचा हिशेब २,९७,६०० रुपये होतो. परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत पूर्णवेळ एमई, एमटेक, एमफार्म, एमआर्क किंवा एमडेसला प्रवेश हवा आणि प्रवेशाच्या वेळी गेट, जीपॅट (फार्मसीसाठी) किंवा सीईईडीचा (डिझाइनसाठी) वैध स्कोअर हवा. अर्धवेळ आणि कंपनीने पाठवलेले विद्यार्थी यात बसत नाहीत. आयआयटी-एनआयटीतही गेटवर आलेल्या एमटेकच्या विद्यार्थ्याला एवढेच पैसे मिळतात, फक्त तिथला मार्ग वेगळा असतो.

ही रक्कम आठ हजारांवरून १२,४०० झाली, त्याला दहा वर्षं उलटून गेली. त्या काळात मेस, खोलीभाडं, लॅपटॉप सगळंच महागलं. रक्कम वाढायलाच हवी. पण आज जे मिळतं ते तरी वेळेवर आणि पूर्ण मिळावं, एवढी काळजी विद्यार्थ्याला स्वतः घेता येते.

शाखा : पैसे सारखे, गरज वेगळी

इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. स्ट्रक्चरल असो, थर्मल असो की व्हीएलएसआय (चिप डिझाइन), शिष्यवृत्तीची रक्कम एकच. कुठल्या क्षेत्रात माणसं कमी आहेत याचा विचार या योजनेच्या रकमेत नाही, तो विद्यार्थ्यालाच करावा लागतो.

या विद्यार्थिनीपुढे कॉम्प्युटर नेटवर्किंगकडे झुकणारा अभ्यासक्रम होता आणि चिप डिझाइनकडे झुकणाराही. तिने दुसरा घेतला, आणि त्यामागचा विचार बरोबर होता. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींचा कार्यक्रम मंजूर केला. साणंदला मायक्रॉनचा, धोलेऱ्याला टाटांचा प्रकल्प त्यातूनच आला. ‘चिप्स टू स्टार्टअप’ या कार्यक्रमाचं उद्दिष्ट पाच वर्षांत ८५,००० अभियंते तयार करण्याचं आहे. चिपची रचना आणि पडताळणी करणाऱ्या माणसाला बीईनंतरचं सखोल शिक्षण लागतं, म्हणून इथे एमटेकला नोकरीच्या बाजारात खरी किंमत आहे. प्रत्येक शाखेत ती तेवढी नाही.

मात्र शाखेचं नाव बघून भागत नाही. प्रवेशाचा पर्याय भरण्याआधी विभागात जाऊन थेट विचारायच्या गोष्टी आहेत : डिझाइनची सॉफ्टवेअर साधनं, ज्यांना ईडीए टूल्स म्हणतात, ती कॉलेजकडे आहेत का आणि एका वेळी किती विद्यार्थ्यांना वापरता येतात, बंगळूरच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतल्या चिपइन केंद्रामार्फत ती मिळतात का, मागच्या बॅचचे प्रबंध कुठल्या विषयावर झाले. आणि शेवटचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही : मागच्या बॅचला शिष्यवृत्ती नियमित मिळाली का? याचं उत्तर विभागप्रमुखांपेक्षा दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी जास्त मोकळेपणाने देतात.

पहिली अडचण : दाखला

तिचे गुण १०० पैकी २३.६७. गेटमध्ये सर्वसाधारण गटाचा कटऑफ २५ च्या खाली जात नाही. ओबीसी नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी तो त्याच्या ९० टक्के असतो. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी साधारण दोन तृतीयांश. म्हणजे सर्वसाधारण २५ असेल तर ओबीसीला २२.५ पुरतात. ती पात्र ठरली ती प्रवर्गामुळे, म्हणून तिचा अख्खा दावा नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावर उभा होता. २६ गुण मिळवलेल्या ओबीसी मैत्रिणीला तोच दाखला एवढा निर्णायक नव्हता. आपण यातले कोण, हे निकालाच्या दिवशीच ओळखावं.

तिच्याकडे दाखला होता, पण तो बीईच्या प्रवेशावेळी काढलेला. राज्याच्या कामांसाठी नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत त्यावर लिहिलेली असते आणि ती एकाहून जास्त वर्षांची असू शकते. शिष्यवृत्तीसाठी मात्र तो एक वर्षापेक्षा जुना नको. शिवाय केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा असतो, आणि जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत असून भागत नाही. मराठा विद्यार्थ्यांनी इथे विशेष जपावं. राज्यातलं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या प्रक्रियेत नाही, त्यामुळे तिथे पात्र असल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला लागतो.

नवा दाखला काढायला तिला तीन आठवडे लागले. अर्ज सेतूतून किंवा ‘आपले सरकार’वरून होतो. सोबत तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या जातीचा पुरावा, रेशनकार्ड. क्रीमीलेअरची मर्यादा वार्षिक आठ लाख आहे आणि ती मोजताना शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. द्राक्षबागायतदार घरात हा मुद्दा माहीत नसल्यामुळे पात्र मुलंही अर्ज करायचं टाळतात. सेतूत अर्ज भरताना मागायचं ते स्पष्ट मागावं : ‘केंद्र शासनाच्या नमुन्यातला ओबीसी दाखला’. नुसतं ‘नॉन-क्रीमीलेअर’ म्हटलं की राज्याचा नमुना हातात पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जून-जुलैत सगळ्या प्रवेशांची गर्दी एकदम येते, म्हणून हे काम एप्रिलमध्ये उरकावं. स्कोअरकार्डही तेव्हाच उतरवून ठेवावं. ते साधारण मे अखेरपर्यंत फुकट मिळतं, नंतर पैसे भरावे लागतात.

दुसरी आणि मोठी अडचण : खातं

इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून हे जरा सविस्तर.

एआयसीटीईच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर तिने गावातल्या बँक शाखेच्या बचत खात्याचं पासबुक चढवलं. हे खातं नववीत असताना शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. पासबुकाच्या पहिल्या पानावर तिचं नाव, त्याखाली ‘पालक’ म्हणून वडिलांचं. म्हणजे खातं अजून अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) व्यक्तीचंच. अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी आणि सहीचा नमुना द्यायचा असतो, तो दिलाच नव्हता. शिष्यवृत्तीला अज्ञान व्यक्तीचं खातं चालत नाही, संयुक्त खातं चालत नाही आणि व्यवहाराची मर्यादा असलेलंही चालत नाही.

मर्यादेचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या ‘छोट्या खात्या’त वर्षभरात एकूण एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाही. शिष्यवृत्तीचे वर्षाचे होतात १,४८,८००. त्यात सुरुवातीची थकबाकी एकदम येते. अशा खात्यात पैसे पाठवले की मध्येच परत फिरतात, आणि परत फिरलेला हप्ता पुन्हा मिळवणं नव्या अर्जापेक्षा जिकिरीचं असतं.

तिने शाखेत जाऊन केवायसी पूर्ण केली, पालकाचं नाव काढलं, नवं पासबुक घेतलं. तरी पैसे आले नाहीत, कारण आधारची नोंद दुसरीकडे होती.

आधार खात्याला ‘लिंक’ असणं आणि थेट लाभासाठी आधार त्या बँकेशी ‘सीड’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे बँकेने आपल्या नोंदीत तुमचा आधार क्रमांक लिहिला. सीड म्हणजे एनपीसीआयच्या, अर्थात राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर त्या बँकेचं नाव लागलं. एका आधारसमोर एकाच बँकेचं नाव राहतं, जे सगळ्यात शेवटी लागलं ते. आधारावर पाठवलेले सरकारी पैसे खातेक्रमांक बघून जात नाहीत, ते या नोंदीमागे जातात.

२०२४ च्या उन्हाळ्यानंतर गावोगाव ‘लाडकी बहीण’ची शिबिरं झाली. आईचा अर्ज भरताना हिचाही भरला गेला. कुटुंबातल्या एका अविवाहित महिलेला तो भरता येतो. त्याच टेबलावर अंगठा लावून पोस्ट पेमेंट्स बँकेत खातं उघडलं आणि आधार तिथे सीड झालं. पोर्टलवर एक बँक, एनपीसीआयकडे दुसरी.  आत्ता अडलं ते दोन नोंदी जुळत नव्हत्या म्हणून.

आपलं आधार कुठे सीड आहे ते तपासायला मिनिटभर लागतो. यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघावं, किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# डायल करावं. बँकेचं नाव आणि स्थिती ‘ॲक्टिव्ह’ आहे का, दोन्ही बघावं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरावा आणि त्यात जुन्या बँकेचं नाव लिहून ‘तिथून इथे हलवा’ हा पर्याय निवडावा. ‘नवीन सीडिंग’ निवडलं तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, कारण आधार आधीच दुसरीकडे असतं. फॉर्मची पोच घ्यावी आणि आठ दिवसांनी पुन्हा तपासावं. काउंटरवर ‘झालं’ म्हटलं म्हणजे नोंद बदलली असं धरू नये.

लाडकी बहीणचा आणखी एक धागा आहे. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती महिला त्या योजनेला अपात्र ठरते. इकडे एआयसीटीईच्या हमीपत्रात दुसरं कुठलंही अर्थसाहाय्य घेत नसल्याचं लिहून द्यावं लागतं. शिष्यवृत्ती सुरू होताच विद्यार्थिनीने लाडकी बहीणचा लाभ लेखी अर्ज देऊन सोडला आणि पोच फाइलला लावली. हे न केल्यास पुढे वसुलीची नोटीस घरी येऊ शकते.

नावाचा घोळ तिच्या बाबतीत झाला नाही, पण बॅचमधल्या दोघांचा झाला. आपल्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, आधारवर नाव आधी. क्रम उलटा असला तर सहसा निभावतं. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षर, किंवा स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त, हे निभावत नाही. गेटचा अर्ज भरतानाच नाव आधारप्रमाणे लिहावं.

पोर्टल : कॉलेजचा वाटा

अर्ज विद्यार्थ्याने थेट करायचा नसतो. कॉलेज आपल्या लॉगिनमधून विद्यार्थ्याची नोंद करतं, त्यातून युनिक आयडी तयार होतो, मग विद्यार्थी त्या आयडीने माहिती भरून स्कोअरकार्ड, पासबुक, आधार, दाखला चढवतो. कॉलेज पडताळणी करून पुढे पाठवतं. पुढे गेल्यावर विद्यार्थ्याला काही बदलता येत नाही. या प्रकरणात जुनं पासबुक चढवून अर्ज पुढे गेला होता, म्हणून दुरुस्तीसाठी कॉलेजकडूनच विनंती जावी लागली आणि तिथे महिना मोडला.

पासबुकाचं पान स्कॅन करताना नाव, खातेक्रमांक, आयएफएससी आणि शाखा चारही वाचता येतात का ते मोबाइलवर मोठं करून बघावं. बँकांच्या विलीनीकरणात अनेक शाखांचे आयएफएससी बदलले. जुन्या पासबुकावर जुनाच छापलेला असतो.

त्यानंतर दर महिन्याला कॉलेजने विद्यार्थ्याची हजेरी समाधानकारक असल्याचं पोर्टलवर कळवायचं असतं. ही पायरी विद्यार्थ्यांना दिसत नाही. शिष्यवृत्ती बघणारा कर्मचारी रजेवर गेला, परीक्षा विभागात बदलला किंवा पासवर्ड फक्त त्याच्याकडेच राहिला, की अख्ख्या बॅचचा महिना अडकतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही आणि त्याने मुकाट बसण्याचंही कारण नाही. या बॅचने चांगली रीत पाडली : वर्गातल्या एकीने महिना संपला की विभागातली हजेरी शिष्यवृत्ती विभागात पोचली का ते विचारायचं आणि पोर्टलवरची स्थिती सगळ्यांना ग्रुपवर टाकायची. दोनदा चूक त्याच महिन्यात सापडली.

शिष्यवृत्तीच्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ-दहा तास अध्यापनाचं किंवा संशोधनाचं काम अपेक्षित असतं. बीईच्या प्रयोगशाळा घेणं, ट्युटोरियल तपासणं असं ते असतं. नियमित वेळापत्रकात ते लावून घ्यावं, म्हणजे हजेरीच्या वेळी वाद होत नाही.

सप्टेंबर ते फेब्रुवारीचा खर्च

शिष्यवृत्ती वर्ग सुरू झाल्यापासून किंवा प्रवेशापासून, जे नंतर असेल तेव्हापासून, मोजली जाते. पैसे मात्र पुष्कळ उशिरा येतात. सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंतच्या साडेचार महिन्यांचे ५५,८०० रुपये तिला फेब्रुवारीत एकदम मिळाले. तोवर खोलीचा वाटा २,५००, मेस ३,०००, घरी जाणं-येणं, प्रिंट आणि किरकोळ १,२००. महिन्याला ६,७००, पाच महिन्यांचे ३३,५००. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून प्रवास एवढ्यात बसला.

द्राक्षबागेच्या घरात हे महिने सर्वांत कठीण. ऑक्टोबर छाटणी झाली की औषधं, मजुरी, संजीवकं, सगळा खर्च आधी. माल निघून पैसा येतो फेब्रुवारी-मार्चनंतर, बेदाणा केला तर आणखी पुढे. म्हणजे मुलीची शिष्यवृत्ती आणि बागेचा पैसा दोन्ही एकाच वेळी येणार आणि गरज मात्र त्याआधी. कॉलेजकडे अर्ज करून तिने शुल्काचा दुसरा हप्ता मार्चला लावून घेतला, आणि आईच्या बचत गटातून २०,००० उचलले. दोन्ही निर्णय ऑगस्टमध्येच झाले होते, म्हणून निभावलं. गेटवर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक घराने किमान सहा महिन्यांच्या खर्चाची सोय शिष्यवृत्ती नाही असं धरून करावी. हे न केल्यामुळे पहिल्या सत्रातच एमटेक सोडून नोकरी पकडणारी मुलं सांगली-कराडच्या कॉलेजांत दिसतात.

तासिका आणि इंटर्नशिप

पैशांच्या ओढाताणीत एका खासगी क्लासने तिला संध्याकाळचे तास देऊ केले होते. तासिका तत्त्वावर पॉलिटेक्निकला शिकवण्याचीही संधी होती. शिष्यवृत्ती घेताना पगार, मानधन किंवा दुसरं विद्यावेतन घेता येत नाही. तिने नकार दिला, आणि तेच योग्य होतं. बँकेच्या नोंदी बघून असं मानधन नंतरही उघड होतं.

दुसऱ्या वर्षी प्रश्न जास्त अवघड आला. पुण्यातल्या एका डिझाइन कंपनीने सहा महिन्यांची इंटर्नशिप दिली, महिन्याला २५,०००. कंपनीचे सहा महिन्यांचे दीड लाख, शिष्यवृत्तीचे तेवढ्याच काळाचे ७४,४००. दोन्ही एकाच वेळी नाहीत. पुण्यातलं राहणं-खाणं वजा केल्यावर रोख फायदा फारसा उरत नव्हता, पण चिप पडताळणीचं प्रत्यक्ष काम सांगलीत बसून मिळणारं नव्हतं, आणि टंचाईच्या क्षेत्रात नोकरी देणारा तेच बघतो. तिने इंटर्नशिप घेतली. सुरू होण्याआधी विभागप्रमुखांमार्फत अर्ज दिला : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कंपनीचं विद्यावेतन मिळणार आहे, या काळाची शिष्यवृत्ती थांबवावी. सोबत कंपनीचं पत्र. कॉलेजने ते महिने पोर्टलवर थांबवले. थांबवलेले महिने पुढे जोडून मिळत नाहीत, हे गणित तिने आधीच केलं होतं. इंटर्नशिप बिनपगारी असती तर कॉलेजच्या परवानगीने आणि हजेरीच्या पत्रावर शिष्यवृत्ती चालू ठेवता आली असती.

इंटर्नशिपमधूनच नोकरीचा प्रस्ताव आला आणि कंपनीने लगेच रुजू व्हायला सांगितलं. प्रबंध बाकी होता. इथे हमीपत्रातला अभ्यासक्रम अर्धवट सोडण्याविषयीचा परिच्छेद तिने पुन्हा वाचला, मार्गदर्शकांशी बोलली आणि कंपनीकडून प्रबंध सादर होईपर्यंतची मुदत लेखी मागून घेतली. कंपनीने दहा आठवडे दिले. प्रबंध आठव्या आठवड्यात सादर झाला. शेवटच्या हप्त्यासाठी सादरीकरणाची तारीख आणि रुजू होण्याची तारीख असलेली दोन्ही पत्रं शिष्यवृत्ती विभागात देऊन ती पुण्याला गेली.